उजव्या अंगठ्याचं नख

५ जानेवारी, रविवार
उजव्या अंगठ्याचं नख (यापुढे उ.अं.) पट्टी लावून मोजलं. मुळापासून चरापर्यंत ४ मि.मी. चर ही डेंग्यूची कृपा. ऑक्टोबरात दहा दिवस ताप, आणि डिसेंबरात नखाच्या मुळातून ही आडवी खाच डोकं वर काढून आली. डिस्पेन्सरीतला डॉक्टर म्हणतो, "नाखून के साथ अपने आप निकल जाएगी, चिंता मत कीजिए." त्याला काय जातंय बोलायला. त्याला नखांनी चित्रं काढायची नाहीत.
बाकीची नऊ उत्तम. दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहून ठेवतो: साडेएकोणसाठ वर्षांच्या माणसाची अशी नखं दिल्लीच्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरात नसतील. गुलाबी, कडक, कडेला एक फाटा नाही.

९ जानेवारी, गुरुवार
आमच्या इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी प्रभुणे घरी येऊन गेले. त्यांना मी नववर्षाचं शुभेच्छापत्र पाठवलं होतं, नखचित्र. त्यांच्या मिसेसनी कोरा कागद समजून त्यावर किराण्याची यादी लिहायला घेतली. पेन हरभरा डाळीपाशी अडखळलं, म्हणून कागद उजेडात तिरपा धरला, तर आत मोर!
"वझे, हे केलंत कशाने?"
"नखांनी."
"नखांनी म्हणजे?"
करून दाखवलं. कागद दोन्ही हातांत, वरून अंगठ्याचं नख, खालून मधल्या बोटाचं, मध्ये कागद. दाबत जायचं. शाई नाही, पेन्सिल नाही, खोडरबर तर नाहीच. तीन मिनिटांत त्यांच्या चष्म्यासकट त्यांचं नाक काढून दिलं. त्यांनी कागद उजेडात तिरपा धरला. प्रभुणे गप्प बसलेले मी एकतीस वर्षांत प्रथमच पाहिले.
आता म्हणतात, १ मेच्या कार्यक्रमात, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या हॉलमध्ये, स्टेजवर, चाळीस मिनिटं, प्रमुख पाहुण्यांचा चेहरा. सगळ्यांसमोर. मंडळात मला लोक खुर्च्या मोजून घेणारे वझे म्हणून ओळखतात. जुलैअखेर रिटायर होऊन आम्ही पुण्याला जाणार. म्हणजे हीच संधी.
हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

१० जानेवारी, शुक्रवार
होकार देऊन झाल्यावर हिशोब केला, हे माझं नेहमीचंच. अंगठ्याचं नख महिन्याला ३ मि.मी. वाढतं. १ मेला चर पंधरावर, म्हणजे नख मांस सोडून मोकळं होतं बरोबर तिथे. पुढे मोकळं नख तीनेक मि.मी. चित्र काढताना सगळा जोर त्याच रेषेवर येणार, आणि नख सगळ्यात नाजूक तिथेच असणार.
आधीच कापून टाकावं तर मोकळं नखच उरत नाही, मग कागद दाबायचा कशाने? आणि तारीख पुढे ढकला म्हणावं तर महाराष्ट्र दिन माझ्या अंगठ्यासाठी थांबणार नाही.
तेव्हा एकच. चर असेल तसा, पण नख इतकं तगडं करायचं की त्याने चाळीस मिनिटं तग धरला पाहिजे.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. थंडी मी म्हणतेय. दिल्लीची ही कोरडी हवा नखांना वाईट, वाळलेल्या सायीसारखे पापुद्रे सुटतात. कोमट तिळाचं तेल, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, मुळाशी गोल गोल. भांडी घासायची पाळी माझी (कामवाली गावी), रबरी हातमोजे घालून घासली. सुधा (आमची सौ.) दारात उभी राहून बघत होती.
"बाळाला तेल लावलं?"
"लावलं."
"टोपरं राहिलं वाटतं."
हसावं तेवढं थोडं. पण तिळाचे लाडू दोन जास्त दिले, नखांना चांगले म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार
ऑफिसातलं हजेरीचं मशीन उ.अं. घेत नाही. नख आधी काचेला टेकतं, ठसा टेकतच नाही. आज मागे रांग. चावला (शेजारचं टेबल, बावीस वर्षं) जोरात म्हणाला, "भाईसाहब, रिटायरमेंट के बाद तांत्रिक बनने का प्लान है क्या?" सगळी रांग हसली. मी तर्जनी लावली, हिरवा दिवा लागला, आत गेलो.
पूर्वी मीटिंगमध्ये नोटशीटच्या कोपऱ्यात टेबलाखाली हात धरून साहेबांचा चेहरा काढायचो. शाई नाही, त्यामुळे कुणाला दिसायचा नाही. तीन सेक्रेटरी, सतरा जॉइंट सेक्रेटरी असे फायलींत जाऊन बसलेत. रेकॉर्ड रूममध्ये आहेत अजून. आता सगळं कॉम्प्युटरवर, कागदच नाही. चावलाला हे सांगितलं असतं तर

सांगणार नाही. १ मेला बोलावणार आहे त्याला. तिथे बघ म्हणावं.

२६ जानेवारी, रविवार
६ मि.मी. वेळापत्रकाप्रमाणे.
सकाळी डोक्यावरून विमानं. बाल्कनीत उन्हात मटारचा डोंगर, सुधा सोलतेय. दिल्लीतल्या जानेवारीत घरी आलेल्या पाहुण्यालाही मटार सोलावे लागतात. मी हात लावला नाही. शेंग नखाने उघडतात. "जगात मटार न सोलणारा नवरा मीच केला," म्हणाली. खरं आहे. काल कानस लावायला बसलो तर म्हणे शनिवारी नखांना हात नाही. आज बसलो तर तिन्हीसांज. तिच्या हिशोबाने नखांसाठी आठवड्यात मोजून दोन सकाळी उरतात. कानस एकाच दिशेने, पुढेमागे कधीही नाही. नेलकटर तर मी घरातून हद्दपार केलंय, तिचं ती लपवून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार
केतकीकडे, गुरुग्रामला. तेविसाव्या मजल्यावर राहते आमची लेक, खाली बघवत नाही. तिला चराची गोष्ट सांगितली. "बाबा, यात टेन्शन काय? चलो, जेल ओव्हरले करू. एकदम स्ट्राँग होतं, बिल्कुल तुटत नाही." तिला 'चर' शब्द समजावायला मात्र पाच मिनिटं गेली.
मॉलमधल्या नखांच्या पार्लरमध्ये गेलो. उंच खुर्च्यांवर सगळ्या मुली, आणि मध्ये मी, स्वेटर-मफलरसकट. तिथल्या मुलीने माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "सर, नेल्स तो बहुत हेल्दी हैं आपके. क्या लगाते हैं?" सगळ्या खुर्च्या वळल्या. तिळाच्या तेलाची कृती तीन जणींनी मोबाइलमध्ये लिहून घेतली. केतकीला लाज वाटेल असं वाटलं होतं, ती फोटो काढत होती.
उ.अं. वर दोन थर चढवले, निळ्या दिव्याखाली वाळवले. चर दिसेनासा. ठोकून पाहिलं तर टक् टक् वाजतं. खूश होऊन घरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सगळं चुकलं.
सरावाला बसलो आणि कागद फाटला. दुसरा घेतला, फाटला. नख कडक झालंय खरं, पण त्याला काही कळतच नाही. एरवी कागद आता देतोय, आता ताणलाय, आता थांब, हे मला नखातूनच समजतं, बोटातून नव्हे. त्या थराखाली नख बहिरं झालंय. पंचेचाळीस वर्षांची माझी सगळी अक्कल त्या दोन थरांच्या खाली गाडली आहे आणि गाडायला मी स्वतः मेट्रो बदलून गेलो होतो.
मला हे आधी कळायला हवं होतं. मला नखचित्रं शिकवणाऱ्या, शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी पेन्सिल काढून घेतली होती ती याचसाठी.

१६ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा पार्लर. तीच मुलगी. अर्धा तास औषधात अंगठा बुडवून, मग खरवडून थर काढला. खालचं नख बघवेना. पांढरट, खरबरीत, दाबलं की वाकतं. ती बिचारी चारदा सॉरी म्हणाली. म्हटलं, "आपकी गलती नहीं है, बेटा." केतकी टॅक्सीने सोडायला आली. बाहेर गुरुग्रामचे सेक्टर मागे पडत होते, मी अंगठा मुठीत धरून बसलो होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
चर ८.५. नख पातळ. प्रभुण्यांना नाही म्हणून सांगावं असं दोनदा मनात आलं. फोन उचललाही. मग नुसतंच "खुर्च्या किती लागतील?" विचारून ठेवला.

२ मार्च, रविवार
नवी शिस्त. तेल दिवसातून चार वेळा, डबा ऑफिसातही. साबण कमी. झोपताना तेल लावून सुती मोजा. रोज दोन अंडी (सुधाने भांडं वेगळं केलं, पण उकडून तीच देते). डब्याची झाकणं चमच्याने, पाकिटं कात्रीने, शर्टाची वरची गुंडी सुधा लावते. काल गुंडी लावताना म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच लावतेय मी ही. डेंग्यूचे आभार मानायला हवेत."
मुळाशी आलेलं नवं नख पाहिलं, भिंगातून. चराच्या मागे जे येतंय ते एकदम गुळगुळीत. जुनं वाईट असेल, नवं माझं आहे.

१४ मार्च, शुक्रवार
होळी. दोन्ही हातांना तेल, वर मोजे, त्यावर रबरी हातमोजे. खालच्या मजल्यावरच्या मिसेस यादव म्हणाल्या, "भाईसाहब, ऑपरेशन करके आए हैं क्या?" मी त्यांना रंग लावला, हातमोज्यानेच.

३० मार्च, रविवार
पाडवा. चर १२ वर. नख परत ताकदीला आलंय, दाबलं तर वाकत नाही. पार्लरच्या दुखापतीवर मात केली असं म्हणायला हरकत नाही. कुणी म्हणणार नाही, म्हणून मीच म्हणतो.
संध्याकाळी गुढी उतरवताना सुतळीची गाठ बसली होती. माझा अंगठा आपोआप गाठीत गेला. सुधाने हातावर फटका मारला, चांगला सणसणीत. "तीन महिने मी तुमच्या पाळीची भांडी घासतेय ती काय गाठी सोडायला?" आणि दाताने गाठ सोडली. मी तोवर समजत होतो की तिला हा सगळा पोरखेळ वाटतो.

६ एप्रिल, रविवार
हॉल बघायला गेलो. प्रभुण्यांची योजना: वरून कॅमेरा, मागे मोठा पडदा. करून पाहिलं. पडद्यावर पांढराशुभ्र कागद आणि दोन हात, चित्र नावाला नाही. समोरून प्रकाश पडला की नखचित्र दिसतच नाही. म्हटलं, स्टेजचे दिवे बंद करा आणि डाव्या बाजूने एक टेबललॅम्प, कागदाच्या पातळीला.
"अहो, पण मग पाहुणे अंधारात!"
"पाहुणे दिसावेत की चित्र?"
जरा कडक बोललो. खुर्च्यांबद्दल एकतीस वर्षांत एकदाही असा बोललो नव्हतो. लॅम्प लावला. मोर पडद्यावर उठून आला तसा हॉलचा वायरमन काम टाकून उभा राहिला. "ये आपने बनाया?" हो, मी बनवला.

२० एप्रिल, रविवार
१४ मि.मी. सराव रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. वर्तमानपत्रातले चेहरे. कपाळ, नाक, हनुवटी झकास. डोळ्यासाठी नखाचं टोक उभं धरावं लागतं, तिथे चर कुरकुरतो. ऐकू येतं मला. सुधा म्हणते भास आहे.

३० एप्रिल, बुधवार
१५. चर बरोबर कडेला, जानेवारीत म्हटलं होतं तसाच. मला हिशोब बरोबर आल्याचा आनंद व्हावा की नाही कळत नाही.
केतकी आलीय राहायला. चावला सहकुटुंब येतो म्हणालाय.
भीती वाटतेय. लिहून ठेवतो. उद्या तुटलं तर दीडशे लोकांसमोर तुटेल.

२ मे, शुक्रवार
काल लिहिता आलं नाही. अंगठ्याला पट्टी, पेन धरवेना. आज लिहितो, डाव्या हाताने कागद धरून, जमेल तसं.
प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, विमान चुकलं. प्रभुणे माइकवर घाम पुसत: "कुणी बसणार का समोर?" चाळीस मिनिटं दीडशे लोकांपुढे बसायला कोण तयार होतंय? सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मग तिसऱ्या रांगेतून सुधा उठली. पदर खोचला आणि येऊन खुर्चीत बसली. "करा सुरू," म्हणाली, कुकर लावायला सांगावं तशी.
तेहतीस वर्षांच्या संसारात तिचा चेहरा मी कधी काढलेला नाही. सतरा जॉइंट सेक्रेटरी काढले. ती एका जागी बसत नाही ही सबब. खरं म्हणजे कधी म्हटलंच नाही, बस म्हणून.
दिवे गेले, लॅम्प लागला. कपाळ एका दमात आलं. केसांची रेघ, कान, कानातली कुडी. नाक काढलं तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी "अरे वा" म्हणालं, बहुतेक चावलाची बायको, कारण तिच्यासाठी तो हिंदीत समजावून सांगत होता, "सिर्फ नाखून से, देख, सिर्फ नाखून." आवाजात असा रुबाब, जसं काही त्यानेच मला शिकवलं. ओठ. हनुवटीखालची घडी. डावा डोळा पापणीसकट. आयुष्यात इतकं चांगलं काम मी आधी केलेलं नाही. हे काम चालू असतानाच कळत होतं मला.
अठ्ठावीस मिनिटं झाली होती. उजव्या डोळ्यासाठी टोक उभं धरलं आणि चरावर नख गेलं. अर्धं तुटलं, अर्धं मांसात उतरलं. पडद्यावर सगळ्यांना दिसलं, रक्ताचा थेंब अंगठ्यावर. आधी कागद बाजूला नेला. त्यावर डाग नाही.
प्रभुणे धावत आले. "दुसऱ्या बोटाने करा, वझे, एवढासाच तर डोळा राहिलाय!" डावा अंगठा होता. करता आला असता. बारा मिनिटं होती, लोकांना फरक कळलाही नसता. पण मला माहीत होतं, डाव्याची रेघ जाड येते, आणि या कागदावर एकदा उमटलं ते कायमचं. तिचा एक डोळा कायमचा जाड.
माइक मागून घेतला. म्हटलं, "चित्र पूर्ण झालेलं नाही. नख तुटलं आहे. याहून पुढे गेलो तर बिघडेल, म्हणून इथे थांबतो. नमस्कार."
कागद टेबलावर ठेवला. मग टाळ्या. त्या सहानुभूतीच्या होत्या की कशाच्या, मला ठाऊक नाही. पण थांबलो तो माझ्या मर्जीने. खुर्च्या मोजणारा वझे दीडशे लोकांसमोर न बिघडवता थांबला. याचा मला चित्रापेक्षाही जास्त अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.
केतकीने टॅक्सीत अंगठा रुमालात धरून ठेवला होता. "बाबा, यू वर..." मग शब्द शोधत बसली आणि शेवटी "भारी" म्हणाली.

५ मे, सोमवार
तर्जनीने हजेरी. चावलाने रांगेत सगळ्यांना सांगितलं. आज कुणी हसलं नाही. पंचिंग मशीनपाशी दोघांनी अंगठा बघायला मागितला.
प्रभुण्यांचा फोन. चित्र आहे तसं फ्रेम करून मंडळाच्या हॉलमध्ये लावायचं म्हणतात. सुधाला विचारलं. "अर्धी मी कुणाच्या भिंतीवर जाणार नाही. सांगा त्यांना."
"मग नख आल्यावर पूर्ण करू?"
"आधी येऊ तर द्या."
हे 'हो' की 'नाही', तेहतीस वर्षं झाली तरी मला ओळखता येत नाही.

११ मे, रविवार
पट्टी निघाली. उ.अं. मांसात आतपर्यंत मागे गेलंय, पण जे आहे ते अखंड, गुळगुळीत, चराचा मागमूस नाही. १ मि.मी. वाढ. कागद दाबण्याजोगं व्हायला जुलै उजाडेल, आणि जुलैअखेर सामान बांधायचं. जमेल, नाही जमेल. तिने बसायचं म्हटलेलं नाही.
दुपारी ती खिडकीशी बसून तिच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत होती. हलत होती, पुटपुटत होती, मध्येच कपाळाला हात लावत होती. मी समोर बसलो. हातात कागद नाही, नख नाही, करण्यासारखं काही नाही, म्हणून नुसता बघत राहिलो. उजव्या डोळ्याची पापणी डाव्यापेक्षा किंचित खाली आहे. तिच्याखाली एक बारीक घडी, हसली की दुहेरी होते. १ मेला मी तो डोळा डाव्यासारखाच काढणार होतो. ठरवूनच बसलो होतो.
"काय बघताय एवढं?"
"काही नाही. तू तपास."
"मला हलू नको म्हणाल आता."
"नाही. हल तू."
तिने चष्मा वर सारला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा पेपर घेतला. मी तासभर तिथेच होतो.